हरळीला नळ

अकोल्याहून तार आली ती कोर्टाच्या पत्त्यावर. ती घेऊन शिपाई इंद्रभान हिंमतरावांच्या घरी आला आणि दारातच उभा राहिला. आत येईना.

हिंमतराव कोर्टात बेलिफ होते. लोकांच्या दारात असंच उभं राहून त्यांनी सगळी नोकरी काढली होती. समन्स द्यायचं, जप्तीचा हुकूम वाचून दाखवायचा, सही घ्यायची, निघायचं. आत बसायचं नाही, पाणी मागायचं नाही, आणि कोणी रडायला लागलं तर आपल्या सायकलीकडे बघायचं. आज पहिल्यांदाच ते दाराच्या आतल्या बाजूला होते.

"साहेब," इंद्रभान म्हणाला, "वहिनी गेल्या."

हिंमतरावांनी तार घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "सही कुठी करू?"

"सही नाई लागत, साहेब," इंद्रभान म्हणाला आणि तोच रडायला लागला. हिंमतराव त्याच्या सायकलीकडे बघत राहिले.

सही लागत नाही ही गोष्ट पुढे बरेच दिवस त्यांच्या गळ्याखाली उतरली नाही. शेजाऱ्याने धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ तोडली तरी कोर्ट माणसाची सही घेतं. इथं बायको गेली, आणि पोच द्यायची सोय नाही.

पुष्पाबाईंना अकोल्याच्या दवाखान्यात नेलं होतं ते त्यांच्या धाकट्या भावाने, सुलतानपूरच्या उकंडरावांनी. हिंमतराव शनिवारी जाणार होते. एस.टी. सुटताना, उकंडराव मागे सामान लावत होते तेव्हा, पुष्पाबाईंनी खिडकीतून तोंड काढून जे सांगितलं ते औषधाचं नव्हतं, की धुण्याभांड्याचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हरळीले पाणी घालजा. खंड पडू देऊ नका. मी आल्यावर पाहीन." हिंमतराव "हाव" म्हणाले. बेलिफाने हाव म्हटलं की बजावणी झाली असं धरायचं असतं.

ही हरळी म्हणजे घरासमोरचा चार खाटा मावतील एवढा तुकडा. एकदा जज्जसाहेबांच्या बंगल्यावर हळदीकुंकवाला गेल्या असताना पुष्पाबाईंनी तिथं हिरवळ पाहिली आणि घरी येऊन म्हणाल्या, "अहो, ते त आपली हरळीच हाय! कातरून ठेवली म्हणून बंगल्याची दिसते." मग त्यांनी नाल्याकाठची हरळी आणून दारात लावली, शिवणाच्या कात्रीने कातरली, तुपाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून तिला रोज पाणी घातलं. आजूबाजूचे शेतकरी हसले. पण दूर्वा म्हणजे हरळीच. त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या गणपतींची सोय या तुकड्यावर होऊ लागली आणि हसणं थांबलं.

सुतकाच्या दिवसांत त्या घरच्या दूर्वा कोणी नेल्या नाहीत आणि हरळीकडे कोणी पाहिलंही नाही. हिंमतराव सतरंजीवर बसून होते. लोक येत, काहीतरी सांगत, जात. तेरावं झालं, पाहुणे गेले. मग संकष्टीच्या सकाळी शेजारच्या सिंधूताई ताटली घेऊन फाटकातून आत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"भाऊ, हे काय झालं हो?"

उन्हाळा लागला होता. हरळी पिवळी पडून जुन्या चटईसारखी झाली होती. तेरा दिवस कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांचा स्वयंपाक पाहणाऱ्या सिंधूताई पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात धरून रडू लागल्या. हिंमतराव बाहेर आले. त्यांना धक्का बसला. आपण हाव म्हटलं होतं.

"तिले कळलं तं काय म्हणन?" ते मोठ्याने म्हणाले. मग त्यांना आठवलं, आणि दुसरा धक्का बसला.

त्या दिवसापासून हरळी जगवणं एवढं एकच काम त्यांच्यापुढे राहिलं. ते सोपं वाटलं होतं. तुपाचा डबा भरायचा आणि ओतायचा. पण पुष्पाबाईंच्या हातून जे पाणी सगळीकडे सारखं पडायचं, ते हिंमतरावांच्या हातून एका कोपऱ्यात डबकं करायचं आणि दुसऱ्या कोपऱ्याला ओळखही द्यायचं नाही. त्यात बेलिफाची नोकरी. दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे. आले की हरळी गेलेली.

तेव्हा त्यांना अकोल्याचा एक बंगला आठवला. एका मोठ्या माणसावर समन्स बजावायला ते तिथं गेले होते आणि मोठी माणसं बजावणीच्या वेळी नेहमीच अंघोळीला गेलेली असल्यामुळे बराच वेळ बाहेर उभे होते. तिथल्या हिरवळीवर एक लोखंडी फवारा होता. दोन हात पसरून आपला आपण फिरत होता आणि पाणी उडवत होता. जवळ माळी नाही, कोणी नाही. घरी माणूस नसलं तरी पाणी पडतं, हे हिंमतरावांनी तेव्हा नुसतं पाहिलं होतं. आता ते त्यांच्या कामाला आलं.

त्यांनी ही गोष्ट प्रथम सिंधूताईंचे यजमान भगवानराव यांना सांगितली. तिथंच चूक झाली. भगवानरावांचं गावाबाहेर शेत होतं, आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हरळीबद्दल विचारणं म्हणजे उंदराबद्दल धान्याच्या व्यापाऱ्याला विचारणं.

"हरळीले नळ?" भगवानराव खाटेवरून उठून बसले. "बाप्पा! आमचा आजा हरळी खणता खणता म्हातारा झाला. बाप हरळी खणता खणता कुबडा झाला. मी दर उन्हाळ्यात मजूर लावतो. अन तुमी तिले पाणी पाजाले मशीन आणता?"

"दूर्वा म्हणून..."

"दूर्वा म्हना, लक्ष्मी म्हना. कपाशीत शिरली की तिचं नाव एकच. तब्येत बरी हाय नं तुमची?"

सायकल दुकानवाला तुळशीराम मात्र पहिल्या झटक्यात तयार झाला. "होते नं! काऊन नाई होनार? सायकल काय अन फवारा काय, फिरनं एकच." त्याने एका मोडक्या सायकलीच्या मागच्या चाकाचा हब काढला, त्याला नळीचे दोन तुकडे आडवे बसवले, तोंडं ठोकून चपटी केली आणि भोकं पाडली. छपरावर डांबराचं रिकामं पिंप चढवलं. पिंपात बादल्यांनी पाणी भरण्यात हिंमतरावांची सकाळ गेली, डांबराचा वास जाण्यात पुढचा आठवडा गेला. शेवटी तोटी उघडली. फवाऱ्याच्या दोन्ही तोंडांतून म्हशीच्या नाकातून गळावं तसं पाणी गळलं. फवारा फिरला नाही. तुळशीरामने त्याला बोटाने ढकललं, तेव्हा तो भिडस्त पाहुण्यासारखा अर्धा वळला आणि थांबला.

"दाब नाई," तुळशीराम म्हणाला. "साहेब, कमेटीचा नळ पाह्यजे."

कमेटी म्हणजे नगरपालिका, आणि कमेटीचा नळ म्हणजे उत्तमराव. नळखात्यात एकच टेबल होतं आणि त्यावर उत्तमराव होते. हिंमतराव अदबीने उभे राहिले. बेलिफ असून दुसऱ्या कचेरीत उभं राहावं लागतं, हे त्यांना लागलं. पण गरज त्यांची होती.

"नळ कशाले?" उत्तमरावांनी विचारलं.

"हरळीले."

उत्तमरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पाहा साहेब, कमेटीचं पानी मानसाले मिळते, जनावराले मिळते, देवाले मिळते. गवताले द्याचा ठराव नाई."

"हरळी देवालेच जाते. गणपतीले."

"मंग देऊळ दाखवा. पुजारी दाखवा."

"देऊळ नाई."

"जनावर?"

"नाई."

"तुमच्या घरी मानसं किती?"

हिंमतरावांनी तोंड उघडलं ते "दोन" म्हणायला. ते तसंच उघडं राहिलं. उत्तमरावांना गावातली बातमी ठाऊक होती. त्यांनी मान खाली घातली आणि दौतीचं झाकण बराच वेळ लावत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "एखांदं जनावर बांधा दारात. मी पाहाले येतो. बाकीचं माह्यावर सोडा."

जनावर भगवानरावांकडे होतं. त्यांनी "एका दिवसाकरताच" असं तीनदा बजावून ते दिलं आणि हिंमतरावांनी ते फाटकाजवळच्या खुंट्याला बांधलं. उरल्यासुरल्या हरळीला शेळी तोंड लावील, या भीतीने त्यांनी रात्रीच तिच्यापुढे बाभळीच्या शेंगांचा ढीग घातला होता. शेळीने शेंगांकडे पाहिलं नाही. पिवळ्या हरळीकडेही पाहिलं नाही. तुळशीरामने फवाऱ्यासाठी सायकलच्या ट्यूबचे गोल गोल तुकडे कापून ठेवले होते, ते मात्र सगळे खाल्ले आणि फवाऱ्याला शिंगं घासू लागली. अशा वेळी उत्तमराव आले.

"दूध देते?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

हिंमतराव कोर्टाचा माणूस. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. "देत असन," ते म्हणाले.

उत्तमरावांनी वाकून पाहिलं. "साहेब," ते शांतपणे म्हणाले, "बोकड हाय."

हिंमतरावांना घाम फुटला. इतका वेळ ज्याला त्यांनी शेळी मानलं होतं, शेंगा घातल्या होत्या, "खाय, बाई, खाय" म्हणून पाठीवरून हात फिरवला होता, तो बोकड होता. पण उत्तमरावांनी कागदावर "जनावर पाहिलं" एवढंच लिहिलं. दूध देणारं की न देणारं, असा भेद कमेटीच्या ठरावात नव्हता.

नळ आला. तुळशीरामने फवारा जोडला. गेल्या वेळच्या गळतीने त्याच्या इभ्रतीला धक्का लागला होता, म्हणून त्याने हबमध्ये नवे छर्रे घातले आणि भरपूर वंगण घातलं. सकाळी पाणी सुटलं. हिंमतराव काळी टोपी घालून उभे राहिले. कोणत्याही गोष्टीची सुरुवात ते टोपी घालूनच करीत. तुळशीरामने तोटी पूर्ण उघडली.

आता हे सांगितलं पाहिजे की दिवस कुरडयांचे होते. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून गल्लीतल्या बायकांनी भल्या पहाटेपासून कुरडया घातल्या होत्या. भिंतीपलीकडे भगवानरावांच्या अंगणात खाटांवर धोतरं पसरून वर्षाच्या कुरडया वाळत होत्या. आपल्याकडे लग्न मोडलं तर दुसरं जुळवता येतं. कुरडया मोडल्या तर पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते.

फवारा फिरला. नुसता फिरला नाही, घरघरला. भिरभिरला. हरळीवर पाण्याचा थेंब पडला नाही. सगळं पाणी दोन्ही हातांनी गोळा करून त्याने भिंतीपलीकडे फेकलं. "बंद कर! बंद कर बे!" हिंमतराव ओरडले. तोटीची चावी घाबरलेल्या तुळशीरामच्या हातात निघून आली होती. मग हिंमतरावांनी धीर करून फवाऱ्याचा हात पकडायचा प्रयत्न केला. दुसऱ्या हाताने त्यांच्या कानशिलात बसली, टोपी उडाली आणि भिंतीपलीकडे गेली. मग रुखमाबाईंचा आवाज आला. रुखमाबाई गल्लीत सगळ्यात वयस्कर होत्या आणि त्यांचा आवाज सगळ्यात तरुण होता.

"अव माय! कुरडयांवर टोपी पडली वो, टोपी!"

कुरडयांची खीर झाली होती. त्या खिरीत सरकारी बेलिफाची काळी टोपी पालथी पडली होती.

हिंमतरावांनी आजवर कितीतरी घरांतली भांडी जप्त केली होती, शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा अंगावर कुत्रं सोडलेलं पाहिलं होतं. पण भिंतीपलीकडे ज्या शांतपणाने त्या पाच बाया त्यांच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, तसं त्यांच्याकडे कधी कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःच निकाल दिला.

"गहू मी देतो. कुरडया मी घालून देतो."

"तुमी?" सिंधूताई म्हणाल्या.

"मी."

तीन दिवसांनी ते रुखमाबाईंच्या चुलीपुढे बसले होते. एक सोऱ्या कमी पडत होता. हिंमतराव घरी गेले आणि पुष्पाबाईंच्या फळीवरचा पितळी सोऱ्या काढून घेऊन आले. बाई गेल्यापासून त्या फळीला त्यांचा हात लागला नव्हता. सोऱ्या पुसून फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता, त्यावर धूळ नव्हती. त्यात कुरडयांची, चकलीची, शेवेची, अशा सगळ्या चकत्या होत्या.

"दाबा, साहेब, दाबा!" रुखमाबाई म्हणाल्या. "जप्तीत लोकायले दाबता तसं दाबा!"

बाया हसल्या. हिंमतराव दाबत राहिले. पहिली कुरडई गोल न येता महाराष्ट्राच्या नकाशासारखी आली. महाराष्ट्र तेव्हा नवाच होता, त्यामुळे कोणी नाव ठेवलं नाही.

तुळशीराम तोंड लपवून फिरत होता, पण चिकाचा वास आल्यावर तोही आला. एका हातात चीक घेऊन त्याने दुसऱ्या हाताने शेवेची चकती उचलली आणि उन्हाकडे धरून पाहिली. बारीक बारीक भोकं, सारखी, जवळजवळ.

"साहेब," तो म्हणाला, "फिरनंबिरनं सोडा. नळी खांबावर चढवू, अन हे तिच्या तोंडाले..."

"ठेव ते खाली," हिंमतराव म्हणाले. "सोऱ्या तिचा आहे."

चुलीवर चीक रटरटत होता. मग सिंधूताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, शेव आता कोन करणार हाय घरी?"

असं कोणी त्यांना तोपर्यंत म्हटलं नव्हतं. लोकांनी आत्मा अमर आहे असं सांगितलं होतं, देवाची मर्जी सांगितली होती. शेव होणार नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. हिंमतरावांनी चकती उचलून पुसली. मग त्यांनी चकती स्वतःच्या हाताने तुळशीरामला दिली.

तुळशीरामने ती नळीच्या तोंडाला डाख देऊन बसवली आणि नळी हरळीच्या मधोमध खांबावर उलटी टांगली. दुसऱ्या दिवशी नळ आला. बारीक पाणी सगळीकडे सारखं पडू लागलं, तुपाच्या डब्यातून पडायचं तसंच. आवाजही तोच. हिंमतराव पायरीवर बसले होते. ते पाणी जाईपर्यंत उठले नाहीत. त्या दिवशी कोर्टात पोचायला उशीर झाला.

आठवडाभरात हरळीला हिरवे डोळे फुटले. ते दौऱ्यावर असले की सिंधूताई तोटी उघडत. आणि हिंमतरावांचं नाव तालुकाभर झालं. कोर्टाच्या तारखांना येणारे पक्षकार वाट वाकडी करून फाटकाशी येत, वाकून पाहत आणि एकमेकांना कोपर मारत. एकदा ते समन्स घेऊन एका वावरात गेले तर प्रतिवादी हात जोडून म्हणाला, "या हरळीवाले साहेब! फुकट हाय आपल्या इथी, एकरभर न्या! अन पाणी नका घालू, तशीच येते." हिंमतरावांनी सही घेतली आणि सायकलीकडे पाहिलं. पूर्वी लोक त्यांना पाहून दारं लावून घेत. आता हसत होते. कोणतं जास्त अपमानाचं, हे त्यांना ठरवता येईना.

पण हरळी हिरवी होती. बाकी मग काही का म्हणेनात लोक.

अक्षय तृतीयेनंतर ते एका जप्तीसाठी संग्रामपूरकडे गेले. त्याच दिवसांत सिंधूताई भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच हिंमतरावांना ओल्या शेणाचा वास आला. घरापुढे बैलगाडी सोडलेली होती. पायरीवर उकंडराव बसले होते, गुडघ्यापर्यंत माती, डोळे सुजलेले. अंगण खळ्यासारखं सपाट होतं. चोपलेलं, सारवलेलं, लखलखीत. काडी नव्हती. मधोमध खांबावर सोऱ्याची चकती तेवढी लटकत होती.

"या, भाऊजी," उकंडराव उठले आणि त्यांनी हिंमतरावांच्या पायांना हात लावला. "सहज म्हणून आलो, तं काय पाहतो? ताईचं अंगण अन हरळीनं खाल्लेलं! घरची बाई गेली की असंच होते. वरून नळ गळून राह्यला हरळीवर. माह्यानं पाहवलं नाई. दोन मानसं आणली. हातभर खोल खणली, माती चाळणीनं चाळली, येक कांडी ठेवली नाई. खाली मुरूम टाकला. आता सात पिढ्या येनार नाई."

हरळी मुद्दाम लावली हे पुष्पाबाईंनी शेतकरी भावाला लाजेने कधी सांगितलं नव्हतं, आणि हिंमतरावांनीही.

"ताई रोज सडा टाकायची नं? आता टाकता येईन," उकंडराव म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. "दवाखान्यात मी काईच करू शकलो नाई, भाऊजी. निदान एवढं तरी केलं."

हिंमतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. काही बोलायचं होतं, पण त्या माणसाचे तळहात सोलले होते. ते बैलांकडे पाहू लागले. बैल शांतपणे रवंथ करीत होते. गाडीत काळी माती भरलेली होती.

"ती माती?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नेतो नं सुलतानपूरले. कांद्याच्या वाफ्यात टाकतो. काय माती हाय, भाऊजी! ताईच्या हातची."

"चहा घेतला का?" हिंमतराव म्हणाले.

नंतर कळलं की कुदळ भगवानरावांनी दिली होती. "हरळी खणाले कुदळ मागितली त्यानं," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "मी काय नाई म्हणू? हात आपोआपच पुढं झाला, हो!" लग्नाहून आल्यावर सिंधूताई त्यांच्याशी काही दिवस बोलल्या नाहीत.

हिंमतराव मात्र रोज सकाळी तोटी उघडत राहिले. बारीक पाणी मुरुमावर सारखं पडे. लोक आता फाटकाशी थांबत नसत, मान खाली घालून पुढे जात. एकदा उत्तमराव तपासणीला आले. गवत नाही, बोकड नाही, आणि पाणी चालू.

"साहेब, हे काय लावलं?"

"सडा," हिंमतराव म्हणाले.

"सडा?" उत्तमरावांचा चेहरा उजळला. "मंग पहिल्या दिवशी सडा काऊन नाई म्हणाले? सड्याले कोनाची मनाई हाय? घरगुती वापर आहे तो!"

म्हणजे बोकडाची गरज नव्हती. हिंमतराव त्या दिवशीही बराच वेळ पायरीवर बसून राहिले.

पाऊस पडला. अंगणात कडेला तरोट्याचं तण उगवलं, हरळी उगवली नाही. उकंडराव कामाचे पक्के होते. पोळा जवळ आला तसा सुलतानपूरहून निरोप आला: कांद्याचा वाफा हरळीनं भरला, कुठून आली कळत नाई, एकदा येऊन जा. निरोप ऐकून हिंमतराव असे दचकले की सांगणाऱ्याने त्यांना बसायला सांगितलं.

ते गेले. वाफा हिरवागार होता. उकंडराव डोक्याला हात लावून धुऱ्यावर बसले होते. हिंमतराव वाकले आणि त्यांनी एक कांडी हातात घेतली. पुष्पाबाईंनी कात्रीने कातरून कातरून आखूड आणि दाट केलेली ती हरळी त्यांनी कुठंही ओळखली असती. चाळणीतून सुटलेल्या कांड्या गाडीतल्या मातीबरोबर आल्या होत्या.

"मी नेऊ का थोडी?" त्यांनी विचारलं. "गणपतीले."

"थोडी?" उकंडराव किंचाळले. "समदी न्या! गाडी देतो! मानसं देतो!"

एक पोतं भरून त्यांनी एस.टी.त चढवलं. कंडक्टरने पोत्यावर पाय ठेवून विचारलं, "काय हाय?"

"हरळी."

"कुठी टाकाची?"

"लावाची आहे."

कंडक्टरने पाय काढून घेतला आणि पुढे साऱ्या प्रवासात त्यांच्याशी अदबीने वागला, जसं आपण जरा भ्रमिष्ट माणसाशी वागतो.

हिंमतरावांनी मुरूम खणला, माती आणली, कांड्या एक एक करून लावल्या. भगवानरावांनी तीच कुदळ घेऊन मदत केली. हरळी लावण्यासाठी कुदळ मारताना त्यांचा हात दर वेळी जरासा अडखळत होता. गणेश चतुर्थीला सिंधूताई ताटली घेऊन आल्या, उकिडव्या बसल्या, आणि मोजून एकवीस दूर्वा खुडून घेऊन गेल्या.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती.

पण दसऱ्यानंतर कोर्टात एक दावा दाखल झाला. वादी उकंडराव, सुलतानपूर. प्रतिवादी धुऱ्याला धुरा असलेले पुंजाजी. तक्रार अशी, की प्रतिवादीने आपल्या वावरातली हरळी मुद्दाम वादीच्या कांद्यात सोडली. समन्स बजावणीसाठी हिंमतरावांच्या हातात आलं. त्यांनी ते वाचलं, आणि इंद्रभानला वाटलं, यांना पुन्हा कुठली तार आली.

ते सुलतानपूरला गेले. उकंडराव खूश होते. "तुमच्याच हातून बजावनी होनार, भाऊजी! ताई वरून पाहून राह्यली असन." त्यांनी जेवायला घातलं. धुऱ्यापलीकडे पुंजाजी बाभळीखाली बसले होते. पंच्याहत्तरीचे असावेत. त्यांनी हिंमतरावांना पाहून लांबूनच रामराम घातला आणि म्हणाले, "साहेब, उकंडराव माह्याशी बोलत नाई. काय झालं, तुमाले काई ठाऊक हाय का?"

"पाहतो," हिंमतराव म्हणाले, आणि सायकल घेऊन परत आले.

त्यांच्या नोकरीत बजावणीशिवाय परत आलेलं समन्स तोपर्यंत एकही नव्हतं.

सकाळी नळ येतो. सोऱ्याच्या चकतीतून पाणी पडतं. हरळी चांगली आहे. समन्स कोर्टाच्या पिशवीत आहे, तारीख जवळ आली आहे. एक तर ते पुंजाजींना द्यायचं आहे, नाही तर उकंडरावांना खरं सांगायचं आहे. दोन्ही अजून झालेलं नाही.